सोळा घरांचा वाफा

(चिरनेर हुतात्म्यांच्या दिवसानिमित्त घेतलेल्या शिबिरात आपल्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. नंतर तिनेच आठवून लिहून दिलं. ज्या वाडीत अंक पोचेल तिथे बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळपासून दाव्यांवर बोलणं चाललंय. कुणाचा दावा कुठे अडकला, कुणाची पावती हरवली, कुणाला नामंजुरीचं पत्रच दिलं नाही. त्यानंतर मला सांगितलंय की तू भाजीच्या वाफ्यावर बोल. तेव्हा काही भाऊ हसले ते मी बघितलं. हसा. १९३० साली २५ सप्टेंबरला चिरनेरला जंगल सत्याग्रहात नाग्या महादू कातकरी गोळी खाऊन गेले, त्यांच्या दिवसाला आपण जमलो आणि ही पोरगी मुळा-मेथी काढून बसली, असं वाटणं साहजिक आहे. पण वाफा आणि दावा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, ते मी शेवटाकडे सांगते. आधी वाफा.

माझं शिक्षण बारावी. आश्रमशाळेत झालं, तेही मध्ये दोन वर्षं तुटून, कारण आईबाबा वीटभट्टीवर जायचे आणि लहान भावाला सांभाळायला मला न्यायचे. त्यामुळे मी शेतीतज्ज्ञ वगैरे नाही. जे सांगते ते स्वतः करून, चुकून, परत करून कळलेलं आहे.

पहिल्या वर्षी काय झालं ते आधी ऐका. एका संस्थेने वाडीत बियांची पाकिटं वाटली होती. आली कधी, तर भर आषाढात. पाकिटावर चित्र मोठं झकास, लालभडक टोमॅटो. मी घराच्या मागे जमीन उकरली, सगळी पाकिटं एका दिवसात फोडली आणि हाताला येईल तसं पेरलं. दोन रात्री पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी तिथे तळं. जे बी वाहून गेलं नाही ते कुजलं, आणि जे चार कोंब वर आले ते शेजारच्या कोंबड्यांनी खाल्ले. उरलं काय, तर मोरीच्या पाण्यावरचं अळू, जे मी लावलंच नव्हतं. आजी म्हणाली, "बाय, पावसाळ्यात रोपाला पाटावर बसवायचं असतं, तू ताटात बसवलंस."

तेच मुख्य आहे. आपल्याकडे कुठे दोन हजार, कुठे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सगळा चार महिन्यांत. मग आठ महिने हंडा डोक्यावर. तेव्हा पावसाळ्यात वाफा उंच पाहिजे, जमिनीपासून वीतभर वर, बाजूने चर. आणि उन्हाळ्यात तोच वाफा खोलगट पाहिजे, कडेला बांध, म्हणजे ओतलेलं पाणी आतच राहतं. परतीचा पाऊस अजून जायचाय, म्हणून आत्ता करणार असाल तर चार बोटं उंच ठेवा. होळीनंतर खाली घ्या.

आता सोळा घरं म्हणजे काय. अमेरिकेत मेल बार्थोलोम्यू नावाचा एक इंजिनिअर होता. त्याने बघितलं की लोक लांबच्या लांब ओळी धरून भाजी लावतात, निम्मी जागा चालायला जाते, निम्मं बी विरळणी करून फेकलं जातं आणि सगळी भाजी एकाच आठवड्यात येऊन कुजते. त्याने चार फूट लांब, चार फूट रुंद वाफा केला, त्याच्यावर फुटाफुटावर दोऱ्या बांधल्या, सोळा चौकोन झाले. प्रत्येक चौकोनात वेगळी भाजी. १९८१ साली त्याचं पुस्तक आलं. त्याच्याकडे लाकडी पेटी होती आणि विकत आणलेली माती होती. आपल्याकडे दोन्ही नाही, पण पोरी अंगणात ठिकरी खेळायला घरं आखतात तेवढी अक्कल पुरते.

आणि कमी जागेचा विचार काही अमेरिकेतूनच यायला पाहिजे असं नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, प्रयोग परिवारवाले, त्यांनी सांगितलं की दहा गुंठ्यांत नीट केलं तर पाच माणसांचं कुटुंब जगतं. आता आपल्यातल्या किती जणांकडे दहा गुंठे आहेत, हात वर करा. बघा. म्हणून आपण गुंठ्याच्याही खाली उतरू. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. एका गुंठ्यात असे चौसष्ट वाफे मावतील. आपण त्यातला एक करायचा. एकच. पहिल्या वर्षी ज्याने चार केले त्याचे चारही गेले, हे मी तीन वाड्यांत बघितलंय.

मोजायला टेप लागत नाही. चार बोटं जोडली की तीन इंच. वीत म्हणजे नऊ इंच. वीत आणि चार बोटं म्हणजे एक फूट, म्हणजे सोळा बोटं. ही सोळा बोटं लक्षात ठेवा, सगळं त्याच्यावर आहे. माणसामाणसाच्या बोटांत फरक पडतो, पडू दे. कारवीची सरळ काठी घ्या, तिच्यावर सोळा बोटांची खूण करा, मग चार बोटांच्या बारीक खुणा. ही तुमची फूटपट्टी. चूल आणि ती काठी एका जागी ठेवू नका, आमच्या घरात पहिली काठी आईने जाळली.

चारच फूट का, तर हाताला. बायकोमाणूस एका बाजूला उकिडवं बसलं की हात दोन फुटांपर्यंत सुखाने पोचतो. दुसऱ्या बाजूने दोन फूट. म्हणजे वाफ्यात पाय न घालता सगळीकडे हात जातो. पाय घातला की माती बसली, माती बसली की मुळाला जागा नाही. कुडाला लागून करायचा असेल तर एकच बाजू मिळते, मग रुंदी दोन फूट ठेवा आणि लांबी आठ. घरं सोळाच होतात.

जागा निवडायची ती घाईने नाही. एक दिवस द्या. सकाळी, दुपारी आणि चार वाजता अशी तीन वेळा जाऊन सावली कुठे पडते ते बघा, राखेने खूण करा. सहा तास ऊन लागतं. आंब्याखाली काही येणार नाही. दुसरं, उतार असेल तर वाफा उताराला आडवा घ्या. तिसरं, पाण्यापासून आणि घरापासून जवळ घ्या. लांबचा वाफा पहिले आठ दिवस बघितला जातो, मग बकरीचा होतो.

खाडीकाठच्या वाड्यांना वेगळं सांगते, कारण मुरूड-अलिबागकडच्या दोन-तीन वाड्या इथे आहेत. तुमच्याकडे खारबंदिस्ती फुटली की माती खारट होते. विहिरीचं पाणीही शिमग्यानंतर मचूळ लागतं. जिभेला खारट लागलं तर ते पाणी वाफ्याला घालू नका. एकदम मरत नाही रोप, पानांच्या कडा करपतात आणि वाढ खुंटते, माणूस म्हणतो रोग पडला. तुमचा वाफा वरच्या मातीचा आणि जमिनीपासून उंच असू द्या, वर्षभर. पाऊस मीठ धुऊन खाली नेतो. म्हणून तुम्ही पावसाळ्यातल्या आणि दिवाळीपर्यंतच्या भाजीवर भर द्या, उन्हाळ्याच्या नादी लागू नका. आणि कोळीवाड्यातून मासळीचा कचरा फुकट मिळतो, डोकी, आतडी, ते खत भारी आहे. पण कोपरभर खोल पुरा, नाहीतर रात्री कुत्री सगळा वाफा उपसतील. मिठात घातलेली सुकी मासळी मात्र नको, पुन्हा तेच मीठ. फाटकं जाळं मिळालं तर तेही आणा. चार काठ्यांवर वाफ्याच्या वर आणि बाजूने ओढलं की कोंबडीचा प्रश्न संपला. बकरीला जाळं पुरत नाही, तिला करवंदीच्या काट्यांची वई पाहिजे.

माती. जमीन वीतभर खणून मोकळी करा, दगड बाजूला काढा, त्याच दगडांची कड करा. वर घालायला साधारण वीस घमेली भरताड लागतं. घमेलं आपल्याला कुणी शिकवायला नको, भट्टीवर आयुष्य गेलंय. दहा घमेली माती, पाच शेणखत, पाच कुजलेला पाला. शेण नसेल तर बकरीच्या लेंड्या चालतील, पण जुन्या, कुजलेल्या. ताज्या घातल्या तर रोप जळतं. चुलीची राख दोन ओंजळी, जास्त नको. पाला घराजवळच्या झाडाखालचा घ्या. जंगलाची वरची माती खरवडून आणू नका, ते आपलंच जंगल आहे आणि त्याच्यावरच आपण सामूहिक हक्क मागतोय.

पाण्याचा हिशोब बायकांसाठी मुद्दाम केलाय. पाऊस गेल्यावर सोळा घरांच्या वाफ्याला दिवसाला सात-आठ लिटर पाणी लागतं. म्हणजे पंधरा लिटरचा हंडा धरला तर अर्धा. त्यातलं निम्मं तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, राखेने घासलेल्या भांड्यांचं पाणी असतं. साबणाचं पाणी अळूला आणि केळीला सोडा, वाफ्यात नको. उन्हाळ्यात मध्यभागी भाजलेलं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलं, भरून वर झाकण टाकलं, तर पाणी झिरपत राहतं. रंग दिलेलं मडकं उपयोगाचं नाही. आणि जमीन उघडी ठेवू नका, पेंढा किंवा सुकं गवत पसरा. भाऊ लोकांना एक विचारते, हंडा उचलायला तुम्हाला डोकं नाही का?

आता आखणी. राखेने किंवा सुतळीने सोळा घरं करा. मग प्रत्येक भाजीला किती जागा ते काठीवरून ठरवा. लहान जातीची, म्हणजे लसूण, कांद्याचं रोप, त्यांना चार-चार बोटं अंतर. एका घरात चार ओळी, चार-चार, सोळा झाडं. पालक, माठ, आपला लांबडा मुळा, त्यांना पाच बोटं. एका घरात तीन ओळी, तीन-तीन, नऊ झाडं. घेवडा, चवळी, आठ बोटं, एका घरात चार. मिरची, एका घरात एक. वांग्याला पुस्तकात एक घर दिलंय, पण आपलं गावठी वांगं पसरतं. मी एकच घर दिलं आणि शेजारची कोथिंबीर त्याच्या सावलीत मेली. दोन घरं द्या. मेथी-कोथिंबिरीला मोजू नका, घरभर पातळ पेरा.

उंच काय आणि बुटकं काय हे आधी ठरवायचं. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे सावली उत्तरेकडे पडते. म्हणून मांडव, वेल, सगळं उंच ते उत्तरेच्या ओळीत. बुटकं दक्षिणेला. उलटं केलंत तर वेल मजेत आणि बाकी सगळे अंधारात. समोर तोंड करून उगवतीकडे उभे राहिलात तर उत्तर डाव्या हाताला.

सायक्लोस्टाईलवर चित्र नीट उठत नाही, म्हणून शब्दांतच देते. नवरात्र तोंडावर आलंय, तेव्हापासूनचा वाफा असा:

उत्तरेची ओळ: घेवडा, घेवडा, चवळी, चवळी (मागे काठ्यांचा ताटवा)
दुसरी ओळ: वांगं (दोन घरं मिळून एक झाड), मिरची, मिरची
तिसरी ओळ: पालक, लाल माठ, मेथी, रिकामं
दक्षिणेची ओळ: मुळा, कोथिंबीर, रिकामं, लसूण

दोन घरं रिकामी का, असं कालच एका मावशीने विचारलं. चुकून नाहीत राहिलेली. पंधरा दिवसांनी एकात दुसरा मुळा, दुसऱ्यात दुसरा माठ. सगळं एकदम पेरलं की एकदम येतं, मग शेजाऱ्यांना वाटा, नाहीतर फेका, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बाजार. घरं करण्याचा खरा फायदा हाच आहे. एका घरातलं काढलं की ओंजळभर खत टाकायचं आणि दुसरी जात लावायची. पाल्याच्या जागी शेंग, शेंगेच्या जागी पाला. त्याच जागी तेच लावू नका, कीड वाट बघत बसलेली असते. मावा आला तर सकाळी दवात राख भुरभुरा. अळी हाताने वेचा आणि कोंबडीला द्या, तिला वाफ्याबाहेर ठेवल्याची भरपाई.

मिरची-वांग्याचं रोप आत्ता तयार नसेल तर एका फुटक्या टोपल्यात बी टाका, चार-पाच आठवड्यांनी लावा, तोवर त्या घरांत माठ खाऊन घ्या. कांदा नंतर, भात कापल्यावर. अलिबागचा पांढरा कांदाही तसाच लावतात, भात निघाल्यावर.

काय लावायचं नाही तेही सांगते. जंगल जे देतं ते वाफ्यात नको. जूनपासून शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, कंटोली, बांबूचे कोंब, आपल्या आयांना पन्नास भाज्या माहीत आहेत आणि आश्रमशाळेत शिकलेल्या आम्हा पोरींना दहा. ते शिकून घ्यायचं आमच्याकडे राहिलंय. वाफ्याने रानभाजी सुटली तर तो तोटा. कंद-मुळं, औषधी वनस्पती हे वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणून लिहिलेलं आहे आणि त्याची मालकी कायद्याने आपल्याला दिली आहे. आपण गोळा करायला गेलोच नाही तर उद्या म्हणतील, यांना लागत नाही. वाफा आहे तो रान रिकामं होतं त्या दिवसांसाठी, गणपतीनंतर पुढे.

बी विकत घेताना बघा. संकरित बियांचं फळ चांगलं येतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच येईल याचा भरवसा नाही, पुन्हा पाकीट. गावठी वाल, चवळी, दुधी, काकडी, माठ, या सगळ्याचं बी कुठल्या ना कुठल्या आजीकडे आहे, राखेत घोळून, चुलीच्या वर टांगलेलं. ते मागा. मिळालेलं बी जुनं असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा, आठवडाभरात सात-आठांना मोड आला तर पेरा. तीन-चारांनाच आला तर दाट पेरा.

आता भट्टीचं. आपली निम्मी वाडी दिवाळीनंतर वीटभट्टीला, कोळसाभट्टीला जाते आणि पावसाच्या तोंडाला परत येते. कुणाला शिकवू मी, जानेवारीत मिरची तोडा म्हणून? जे जाणार आहेत त्यांनी वर दिलेला वाफा करू नये. त्यांनी घटस्थापनेला फक्त चटकन येणारं लावावं. माठ, मेथी महिन्याच्या आत, कोथिंबीर पाच आठवडे, मुळा दीड महिना. निघायच्या आत खाऊन होतं. आणि पुढच्या वर्षी मिरगाला आल्या आल्या उंच वाफ्यावर भेंडी आणि गवार. भेंडी दीड महिन्यात सुरू होते, म्हणजे आषाढ-श्रावणात, जेव्हा घरात तांदूळ संपलेला असतो, हाताला काम नसतं आणि मुकादम उचल द्यायला दारात येतो.

ते दिवस सगळ्यांना माहीत आहेत. श्रावणात घेतलेल्या उचलीपायी दिवाळीनंतर अख्खं घर बांधलं जातं. आता मी इथे खोटं बोलणार नाही. भेंडीने उचल फिटत नाही. उचल तांदळासाठी, औषधासाठी, लग्नासाठी असते. पण आमच्या घरात वहीत लिहून ठेवलंय, भाजी-मिरचीला आठवड्याला साठ-सत्तर रुपये जायचे, तेही उधारीवर. गेल्या पावसाळ्यात वाफा चालला तेव्हा ते वीस-पंचवीसवर आले. बाबांनी उचल घेतलीच, पण आधीपेक्षा कमी. आणि कमी घेतली म्हणून या वर्षी आई गेली नाही, एकटे बाबा आणि भाऊ गेले.

आई राहिली, त्याचं पुढे काय झालं बघा. माघात एक दिवस दाव्यांच्या पडताळणीला माणसं आली. आदल्या वर्षी ती आली तेव्हा वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री, डोंगरावरच्या प्लॉटवर कुणीच नाही. कागदावर लिहिलं गेलं, जागेवर दावेदार हजर नाही, कब्जा दिसत नाही. आमच्या वाडीचे कितीतरी दावे त्या एका ओळीने परत आले. नियमाप्रमाणे दावेदाराला आधी कळवून मग यायचं असतं. कळवलं कुणाला, तर भट्टीवर गेलेल्या माणसाच्या बंद दाराला. या वर्षी आई हजर होती, प्लॉटच्या खालच्या कडेला तिचा वाफा हिरवा होता, ती विळा हातात घेऊनच उभी राहिली. तिने जुनी दगडी ताल दाखवली, आज्याने लावलेला आंबा दाखवला, जुन्या झोपडीचं जोतं दाखवलं. ते सगळं लिहून घ्यायला लावलं. ती सही करू शकत नाही, अंगठा दिला, पण वाचून दाखवल्याशिवाय दिला नाही. दावा अजून मंजूर नाही. पण या वेळी "कब्जा दिसत नाही" असं लिहिता आलं नाही.

इथे एक गैरसमज होईल म्हणून नीट ऐका. नवा वाफा हा जुन्या कब्जाचा पुरावा नाही. कायद्यातली तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. त्या आधीपासून जमीन कसत होतात हे दाखवावं लागतं. घर, झोपडी, केलेली सपाटी, बांध, बंधारा, हे नियमांत पुरावा म्हणून धरलेलं आहे, आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा. तेव्हा वाफ्याला दगड हवेत म्हणून कुणी जुनी ताल उसकटली, जुनं जोतं उकरलं, तर स्वतःच्या हाताने स्वतःचा कागद फाडल्यासारखं आहे. दगड ओढ्यातून आणा. आणि वाफ्याच्या निमित्ताने प्लॉटची हद्द एक फूटही पुढे ढकलू नका, एक झाडही तोडू नका. गार्डला तेवढंच कारण पाहिजे असतं. दावा तपासून पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला काढता येत नाही, हे कलम ४ मध्ये आहे. ते आपलं कवच आहे, त्याला आपणच भोक पाडू नये. पट्टा मिळेल तेव्हा नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळायला पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. ज्या बाईने वाफा राखला तिचं नाव पट्ट्यावर आहे का, हे वनहक्क समितीत विचारा.

ज्यांची वाडीच दुसऱ्याच्या मालकीत उभी आहे, त्यांचं दुखणं वेगळं. शेजारच्या वाडीत बायकांनी कुडामागे वाफे केले, वई घातली. आठ दिवसांत मालकाचा माणूस आला, म्हणाला, खणायचं नाही, झाड लावायचं नाही, आज भाजी लावाल, उद्या जागा मागाल. तीन पिढ्या तिथे राहिलेल्या माणसांना! बायकांनी त्या दिवशी भांडण केलं नाही. त्यांनी जुन्या गोण्या, फुटकी घमेली, मासळीचे थर्माकोलचे खोके आणले, तळाला भोकं पाडली आणि तेच मातीचं मिश्रण भरून अंगणात मांडले. एक गोण म्हणजे एक घर. सोळा गोण्या, चार-चारच्या ओळीत. खणलं कुठे? कुठेच नाही. भाजी चालू आहे. पण घराखालच्या जागेचा प्रश्न गोणीत भरून सुटत नाही. त्यासाठी ग्रामसभेत ठराव घेऊन अर्ज गेलाय आणि पुढच्या महिन्यात त्यांच्याबरोबर तहसीलवर आपण सगळ्यांनी जायचंय. तारीख पुढच्या अंकात येईल.

कुणी राहायचं, हाही प्रश्न आमच्या वाडीत आला. सगळेच राहिले तर खायचं काय? म्हणून चार घरांनी मिळून एक ठरवलं. चार घरांमागे एक धडधाकट माणूस मागे राहील, चारही वाफ्यांना पाणी घालेल, चारही दाव्यांच्या पावत्या त्याच्याकडे राहतील. भाजी तो खाईल, राहिलेली मागे ठेवलेल्या पोरांना. पोरं मागे राहिली की शाळाही चालू राहते. परत आल्यावर बाकीचे त्याच्या पेरणीला दोन दिवस हात लावतील. गेल्या वर्षी एका चौकडीत जमलं, एकीत भांडण होऊन मोडलं. भांडण कशावरून, तर वांग्यावरून. ते आता सुटलंय.

उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मागे एक वाफा प्रत्यक्ष करायचाय. प्रत्येक वाडीतून दोघांनी यायचं, त्यातली एक बाई. कारवीची काठी आणि घमेलं आपापलं आणा. ज्या आज्यांकडे गावठी बी आहे त्यांनी मूठभर बांधून आणा, अदलाबदल करू. ज्यांना नामंजुरीचं पत्र मिळालंय त्यांनी पत्र आणि पावती दोन्ही आणा. अपिलाला साठच दिवस असतात, तुमचे किती उरलेत ते तिथेच मोजू. माती कालवता कालवता अर्जही लिहून होतील.